जुन्या गाडीचं हेड गॅस्केट स्वतः बदलताना

नवं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला पातळ थर, ब्लॉकवर ठेवायला अर्धा मिनिट पुरतो. बाकीचा सगळा वेळ खोलणं, साफ करणं, मोजणं आणि परत जुळवणं यात जातो. नवख्याला धास्ती वाटते ती खोलण्याची, पण नट-बोल्ट काढत गेलं की इंजिन आपसूक उघडत जातं. काम बिघडतं ते मधल्या टप्प्यात. पृष्ठभागावर जुन्या गॅस्केटची पापुद्री राहते, हेड वाकलंय का ते कुणी मोजत नाही, बोल्टांच्या भोकांत काय साचलंय ते कुणी पाहत नाही, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा वाफ सोडू लागते. म्हणून या लेखात खोलण्या-जोडण्यापेक्षा या मधल्या टप्प्याला जास्त जागा दिली आहे.

इथे गृहीत धरलंय ते एका रांगेत चार सिलिंडर असलेलं, पेट्रोलवर चालणारं जुनं इंजिन, मग ते कार्ब्युरेटरचं असो की सुरुवातीच्या काळातल्या इंजेक्शनचं. डिझेलला एक जादा भानगड असते: पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते मोजून त्यानुसार गॅस्केटची जाडी निवडावी लागते. इंजिन कोणतंही असलं तरी त्याचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय पहिला पानासुद्धा लावू नका. खालचे आकडे अंदाज यावा म्हणून आहेत. बोल्ट आवळायचे ते मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

गॅस्केटच गेलंय हे कशावरून?

हेड आणि ब्लॉकमधल्या त्या पातळ थराला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात: जळणाऱ्या मिश्रणाचा दाब, कूलंट आणि ऑइल. यातली कोणती आड फुटली त्यावर लक्षणं ठरतात. कूलंट सिलिंडरमध्ये शिरलं तर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नाही. दाब कूलंटमध्ये शिरला तर थंड इंजिन सुरू केल्या केल्या रेडिएटरचे होज टणक होतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. कूलंट ऑइलमध्ये गेलं तर डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं. दोन शेजारच्या सिलिंडरमधली अरुंद पट्टी जळली तर यातलं काहीच होत नाही. गाडी फक्त थरथरते आणि चढाला दम टाकते. हा प्रकार ओळखायला सगळ्यात उशीर लागतो.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट दुधाळ थर दिसला की लगेच निकाल देण्याची अनेकांना घाई असते. गाडी रोज जेमतेम दोन-चार किलोमीटर चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि दमटपणामुळेच तसा थर जमतो. झाकणापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा.

हेड उतरवण्याआधी निदान दोन तपासण्या करा. पहिली कॉम्प्रेशनची. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंधन बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून स्टार्टर फिरवा. चारही आकडे एकमेकांच्या साधारण दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असले तर कॉम्प्रेशन ठीक आहे. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर मधली पट्टी गेलेली आहे. एकच सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर दोष पिस्टन रिंगांचा. नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

दुसरी तपासणी रासायनिक द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून कूलंटवरची हवा निळ्या द्रवातून ओढायची. त्या हवेत जळालेला वायू असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, अशा वेळी ही तपासणी अंदाज बांधण्याचा बराच वेळ वाचवते. झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं. गरम रेडिएटर उघडल्यावर तोंडावर येणारी वाफ कातडी सोलून काढते.

आधी कारण शोधा

हेड गॅस्केट क्वचितच आपलं आपण जातं. बहुधा आधी इंजिन तापलेलं असतं. जुन्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं ही जोडी नेहमीची, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे फुगायला जागा मिळत नाही, ते गॅस्केटला चेपतं आणि मधोमध फुगीर होतं. थंड झाल्यावर चेपलेलं गॅस्केट पूर्वीच्या जाडीला येत नाही, आणि पकड गेली ती गेलीच.

तेव्हा थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून पाणी तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडायला लागतो का ते बघा. (खरं तर या कामात तो नवाच टाका, तपासणी आपल्या माहितीसाठी.) वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी झिरपल्याची खूण आहे का, रेडिएटरच्या जाळीत काही भाग थंडच राहतो का, पंखा वेळेवर लागतो का, रेडिएटरच्या झाकणाचं रबर तडकलंय का, हे सगळं याच टप्प्यावर बघायचं. कारण तसंच ठेवून गॅस्केट बदललं तर नवंही त्याच वाटेने जाणार.

हाताशी काय हवं

टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) उसना चालेल, पण बरोबर असल्याची खात्री हवी. बोल्ट कोनाने आवळायचे असतील तर अँगल गेज. फीलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पोलादी पानं), आणि हेडच्या लांबीची अचूक सरळ धार असलेली पोलादी पट्टी. शाळेतली पट्टी चालत नाही. प्लास्टिकचं स्क्रेपर, लांब दांड्याचा पाना, गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री मारायला पेनिट्रेटिंग ऑइल. याशिवाय झिप असलेल्या पिशव्या, मार्कर पेन आणि फोन. प्रत्येक नळी, प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो काढा. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तर चिकटपट्टीवर क्रमांक टाकूनच काढा. सगळ्या एकाच रंगाच्या आणि एकाच जाडीच्या असतात.

सुटा भाग म्हणून फक्त हेड गॅस्केट आणण्यात अर्थ नाही. पूर्ण टॉप सेट घ्या. त्यात व्हॉल्व्ह कव्हर, इनटेक आणि एक्झॉस्टची गॅस्केटं आणि व्हॉल्व्ह सील येतात. हेड बोल्ट नवे, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) आणि त्याला ताण देणारा टेन्शनर नवा, ऑइल आणि फिल्टर नवं. वॉटर पंप बेल्टच्या मागे दडलेला असेल तर तोही.

खोलणं

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम हेडचे बोल्ट सैल केले की ते वाकण्याची शक्यता वाढते.

१. इंजेक्शनची गाडी असेल तर इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

२. कूलंट रेडिएटरमधून काढा, आणि ब्लॉकला निचऱ्याचा बोल्ट असेल तर तिथूनही. हे पाणी चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या वाटेत उघडं ठेवू नका.

३. एअर फिल्टर, कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल, इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट पाइप सोडवा. एक्झॉस्टच्या नटांशी झटापट करू नका. थोडं सैल, थोडं आवळ, पुन्हा सैल, असं करत काढा. हेडमध्ये तुटलेला स्टड काढणं हे वेगळंच एक काम आहे.

४. क्रँकच्या (पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या खालच्या दांड्याच्या) पुलीने इंजिन फिरवून एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा आणि टायमिंगच्या खुणा जुळवा. त्या दिसत नसतील तर स्वतःच्या खुणा पांढऱ्या रंगाने करा. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर कुठे तोंड करून आहे तेही टिपून ठेवा.

५. बेल्ट काढा. इथून पुढे क्रँक किंवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उगाच फिरवू नका. अनेक इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात. चेन असलेल्या इंजिनात चेन ढिली पडली की टेन्शनरचा दांडा बाहेर उडी मारतो. तो आत ढकलण्यासाठी पुढचं कव्हर उघडावं लागतं, म्हणून चेनच्या दोन पदरांमध्ये लाकडी पाचर ठोकून ठेवतात. पुशरॉडचं इंजिन (खालच्या कॅमची हालचाल लांब दांड्यांनी वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारं) असेल तर खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर आकडे घाला आणि प्रत्येक रॉड आपापल्या भोकात खोचा. ज्याची घासून जागा झाली आहे तिथेच तो परत गेला पाहिजे.

६. हेडचे बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे कडेच्या बोल्टांपासून मधल्यांकडे, एका वेळी पाव फेरा असे सैल करा. सगळे एकदम ढिले झाले की मग पूर्ण काढा.

७. हेड चिकटून बसलं असेल तर जोडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे पडलेला एक चराही पुढे गळतो. मॅनिफोल्डच्या बाजूला पकड घेऊन हलवा, लाकडी ठोकळा लावून हलके ठोके द्या. बिडाचं हेड दोघांनी उचलायचं. खाली ठेवताना दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा. थेट टेबलावर पालथं घातलं तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात.

काही जुन्या इंजिनांत सिलिंडरचे लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) सुटे, पाण्यातच उभे असतात आणि वरून हेडच त्यांना दाबून धरतं. हेड निघाल्यावर अशा इंजिनाचा क्रँक फिरवला तर लायनर जागचा हलतो आणि त्याचं खालचं सील सुटतं. मग गॅस्केटचं काम थेट इंजिन उतरवण्यापर्यंत जातं. मॅन्युअलमध्ये ‘वेट लायनर’ असं लिहिलेलं दिसलं तर लायनर दाबून ठेवायच्या पट्ट्या आधीच तयार ठेवा.

जुनं गॅस्केट फेकण्याआधी

ते उजेडात धरून नीट बघा. फुटलेल्या जागी काळी किंवा राखाडी जळकी वाट दिसते. ती सिलिंडरकडून पाण्याच्या भोकाकडे गेली आहे, की शेजारच्या सिलिंडरकडे, की बाहेर? जिथे वाट आहे नेमकी तीच जागा हेडवर आणि ब्लॉकवर पुढे बारकाईने मोजायची, कारण तिथे खोलगट भाग किंवा चीर असू शकते. पिस्टनकडेही नजर टाका. बाकीचे काजळीने काळे आणि एकच लखलखीत धुतल्यासारखा असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाण्याची वाफ होत होती.

१९८० च्या दशकापर्यंत हेड गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. गाडी त्या काळातली असेल तर जुने तुकडे कोरडे खरवडू नका. पाण्याने ओले करा, चांगला मास्क लावा, आणि निघालेला चिखल पिशवीत बांधून टाका.

साफसफाई: इथेच वेळ घाला

ब्लॉक साफ करण्याआधी चारही सिलिंडरमध्ये कापडाचे बोळे कोंबा आणि ऑइल-पाण्याची सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करा. मग प्लास्टिकच्या स्क्रेपरने आणि गॅस्केट काढायच्या द्रवाने हळूहळू खरवडा. बिडाच्या ब्लॉकवर ब्लेड आडवं धरून चालवलं तरी चालतं. ॲल्युमिनियमवर तेच ब्लेड खाच पाडतं.

ड्रिलला लावायच्या घासण्याच्या गोल चकत्या फार मोहात पाडतात. पाच मिनिटांत पृष्ठभाग चकाकतो. पण त्या चकत्या ॲल्युमिनियममध्ये कळणार नाहीत असे खड्डे पाडतात आणि त्यांची कठीण धूळ ऑइलच्या वाटेने बेअरिंगमध्ये जाऊन बसते. त्या माझ्या मते या कामात नकोच. साफ झाला की नाही याची परीक्षा सोपी आहे: थिनर लावलेल्या पांढऱ्या कपड्याने पृष्ठभाग पुसला तर कपडा पांढराच राहिला पाहिजे आणि नखाला कुठेही काही अडता कामा नये.

आता बोल्टांची भोकं. ब्लॉकमधली बरीचशी भोकं खालून बंद असतात. हेड काढताना त्यांत कूलंट आणि ऑइल उतरतं. ते तसंच ठेवून बोल्ट आवळला तर द्रवाला जायला वाट नसते. टॉर्क रेंच ‘क्लिक’ करतो आणि हेड मात्र पुरतं दाबलं गेलेलं नसतं, किंवा त्या दाबाने ब्लॉकच तडकतो. प्रत्येक भोक हवेने फुंकून कोरडं करा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण सगळी घाण सरळ वर उडते. नंतर आटे साफ करायचा टॅप हाताने फिरवून आटे मोकळे करा आणि पुन्हा फुंका. शेवटी नवा बोल्ट बोटांनी तळापर्यंत जातो का ते प्रत्येक भोकात पाहा. अडला तर बोल्टवर जोर न करता पुन्हा टॅप.

हेड निघाल्यावर ऑइल लगेच काढून टाका. त्यात हेडमधून गळलेलं पाणी उतरलेलं असतंच.

मोजणं

पोलादी पट्टी हेडच्या पालथ्या बाजूवर धारेने उभी धरा आणि तिच्याखाली ०.०५ मि.मी.चं फीलर पान सरकतं का बघा. लांबीत दोन्ही कडांना, मधोमध, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, असं प्रत्येक ठिकाणी. सिलिंडरच्या मधल्या पट्ट्यांवर जरा जास्त रेंगाळा. अनेक चार सिलिंडरच्या इंजिनांना ०.०५ ते ०.१ मि.मी.पर्यंतच वाकणं चालतं. ब्लॉकचंही असंच माप घ्या, तो वाकत नाही असं समजू नका.

मर्यादेपलीकडे गेलं तर हेड मशीन शॉपमध्ये फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावं लागेल. तिथेच दाबाखाली चीर तपासून घ्या. दोन व्हॉल्व्ह सीटांमधल्या अरुंद जागेतली बारीक चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही. फेसिंगची मर्यादा हेडच्या उंचीवर असते. आधी कुणी हेड घासलेलं असेल तर ती मर्यादा तुमच्या आधीच संपलेली असू शकते, म्हणून उंची मोजायला लावा. आणखी एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. कॅम हेडमध्येच असेल तर हेड वाकताना कॅमच्या बेअरिंगांची रांगही वाकते. खालची बाजू सपाट झाली तरी वरची रांग वाकडीच राहते. बेअरिंगच्या टोप्या लावून कॅम बोटांनी फिरवून बघा. अडखळला तर नुसत्या फेसिंगने भागणार नाही.

गॅस्केटचा प्रकारही इथे लक्षात घ्यायचा. जुन्या पद्धतीचं मऊ थराचं गॅस्केट थोडा खरबरीतपणा सांभाळून घेतं. पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचं गॅस्केट अतिशय गुळगुळीत पृष्ठभाग मागतं. मूळ गाडीत मऊ प्रकार असेल आणि ब्लॉक नुसता हाताने साफ केलेला असेल तर तोच प्रकार परत टाकणं शहाणपणाचं.

बसवणं आणि आवळणं

मॅन्युअल सांगत असेल तर क्रँक जरा फिरवून चारही पिस्टन मध्यावर आणा, म्हणजे हेड ठेवताना व्हॉल्व्ह भिडत नाहीत. डॉवेल पिना (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का बघा. गॅस्केटवर ‘टॉप’ किंवा पुढची खूण शोधा आणि प्रत्येक भोक ब्लॉकशी ताडून पाहा. काही भोकं मुद्दाम लहान ठेवलेली असतात, ती पाण्याचा प्रवाह सांभाळण्यासाठी. ऑइलची वाट झाकली गेली तर मात्र गॅस्केट उलटं बसलंय. ती चूक इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांत कॅम खाऊन टाकते. मॅन्युअलने सांगितलं नसेल तर गॅस्केटवर कोणताही लेप लावू नका. ते कोरडंच बसतं.

हेड सरळ वरून उतरवा, गॅस्केटवर फरफटवू नका. बोल्टचे आटे आणि डोक्याखालची बाजू मॅन्युअल सांगेल तशी हलकं ऑइल लावलेली किंवा कोरडी. या वाक्याला कमी लेखू नका. टॉर्क रेंच दाखवतो त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्टला ताण देतो, बाकीचा घर्षणात जातो. ऑइलचं प्रमाण बदललं की तोच आकडा वेगळी पकड देतो. याच कारणाने पुढे कोनाची पद्धत आली: आधी कमी टॉर्कवर आवळायचं, मग सगळे बोल्ट ठरावीक अंश फिरवायचे, उदाहरणार्थ ९० आणि पुन्हा ९०. असे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. ज्या बोल्टांची भोकं कूलंटच्या पोकळीत उघडतात त्यांच्या आट्यांना सीलंट लागतो.

क्रम मधल्या बोल्टांपासून गोल गोल बाहेर. प्रत्येक टप्पा सगळ्या बोल्टांवर पुरा करून मगच पुढचा. आवळलेल्या बोल्टवर मार्करने ठिपका द्या. रेंच झटक्याने न ओढता एकसारख्या वेगाने ओढा. एखादा बोल्ट फिरतोय पण घट्टच होत नाही असं वाटलं तर तिथेच थांबा. आटे गेले असतील, आणि ते आत्ताच दुरुस्त करणं परवडतं.

पुढची जुळणी खोलण्याच्या उलट क्रमाने, फोटो बघत. टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट चढवा, टेन्शनर लावा आणि क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. खुणा परत जुळल्या आणि वाटेत कुठेही अडलं नाही, तरच पुढे. टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट करा. प्रत्येक मॅनिफोल्डला नवं गॅस्केट.

पहिला स्टार्ट

नवं ऑइल, नवा फिल्टर. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, हीटर गरमवर ठेवून हळूहळू ओता आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला तर नवं गॅस्केट पहिल्याच दिवशी भाजतं. प्लग काढलेले, इग्निशन आणि इंधन तोडलेलं, अशा अवस्थेत ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग प्लग लावून सुरू करा.

सुरुवातीला एक्झॉस्टवर सांडलेलं ऑइल जळल्याचा धूर येतो आणि सायलेन्सरमध्ये साचलेल्या पाण्याची वाफही येते. ती कमी कमी होत गेली पाहिजे. नजर तापमानाच्या काट्यावर ठेवा. थर्मोस्टॅट उघडून खालचा होज गरम होणं आणि पंखा आपोआप लागणं ही दोन्ही खूण दिसेपर्यंत गाडीजवळून हलू नका. पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी बघा. बहुधा ती थोडी उतरलेली असते, तेवढी भरा.

जुन्या ऑइलमध्ये पाणी मिसळलं असेल तर हे नवं ऑइलही थोड्याच किलोमीटरांत बदला, कारण कोपऱ्याकापऱ्यांत राहिलेलं दुधाळ ऑइल त्यात उतरतं. काही जुन्या इंजिनांचं मॅन्युअल काही शे किलोमीटरनंतर हेड बोल्ट पुन्हा आवळायला सांगतं. तसं असेल तर थंड करायचं की गरम, बोल्ट आधी किंचित सैल करायचा की नाही, हेही तिथेच दिलेलं असतं. पुन्हा आवळल्यावर टॅपेटची फट बदलते, तीही त्याच बैठकीत तपासून घ्या. कोनाने ताणलेले बोल्ट मात्र परत आवळायचे नसतात.